कानात करंजाचं तेल

मांजरी
४ जून २०२४

पूर्वा हीस आजीचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. माझा उजवा कान केव्हाच गेला होता, आता डावाही दगा द्यायला लागलाय. फोनवर तू बोलतेस ते मला पत्र्यावर खडी ओतल्यासारखं ऐकू येतं. मी आपली "बरं बरं" म्हणते आणि तुला वाटतं आजीला पटलं. शिवाय माझ्या फोनवर काही लिहून आलं तर तुझा संपतकाका माझ्याआधी वाचतो. म्हणून टपालाने लिहितेय. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, नावं ठेवायची तर मनातल्या मनात ठेव.

नोकरी लागल्यापासून तू एकदाही मांजरीला फिरकली नाहीस. विश्रांतवाडीहून इथं यायला काय काशीला जायचंय? तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, ज्या घरी ससे आहेत तिथं जायला पूर्वाला बंदी आहे, कंपनीचा नियम आहे. मला वाटलं पोरीने बरं निमित्त शोधलंय. आमच्या सासूबाई नवरात्रात सोवळं पाळायच्या, आम्ही त्यांच्यापासून चार हात लांब. आता नात सोवळ्यात. फरक एवढाच की त्या देवासाठी पाळायच्या आणि तू उंदरासशांसाठी.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, माझे ससे बरे आहेत. मागच्या नव्या इमारतीतल्या बायका गॅलरीत नाकाला रुमाल लावून उभ्या राहतात आणि त्यांचीच पोरं खाली येऊन गवत घालतात. बापूराव टेम्पो घेऊन येतो आणि भरून नेतो. शहरातले लोक पोरांना खेळायला घेतात म्हणे. पावसाळा आला की सशांच्या कानात खरूज होते, त्याला माझं तेल आहेच. तुझी डॉक्टरी तुझ्याकडे असू दे.

उत्तर टपालाने पाठव.

सोजरबाई
(तुझी आजी. विसरली असशील म्हणून लिहिलं.)


विश्रांतवाडी
११ जून २०२४

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली. पण नियम खराच आहे गं. बाहेरच्या सशांचा रोग माझ्या कपड्यांवरून आमच्या सशांना लागू शकतो. आत जाताना आंघोळ, वेगळे कपडे, तोंडाला पट्टी, आणि घरी तसलं जनावर असेल तर प्राणिगृहात पाऊलच टाकायचं नाही. तू म्हणतेस तसं सोवळंच.

मी काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. माणसाला लावायची औषधं, मलमं आधी जनावरांवर लावून बघतात, ते आमच्याकडे होतं. पण मन मानेल तसं करता येत नाही. केंद्र सरकारकडे कंपनीची नोंदणी असावी लागते आणि प्रत्येक प्रयोग आधी एका समितीपुढे मांडावा लागतो. त्यात बाहेरची माणसंही असतात. सरकारने नेमलेले धम्मदीप सर तर माझ्या मागच्याच गल्लीत राहतात, बुद्धविहाराला लागून. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेत. ते एकेक प्रश्न विचारतात. जनावराशिवाय हे कळणार नाही का? कमी जनावरांत भागणार नाही का? दुखणार असेल तर भूल काय देणार? बैठक लांबते म्हणून बाकीचे घड्याळं बघतात. मला मात्र ते विचारतात ते बरं वाटतं.

ससे आले की आधी वेगळ्या खोलीत राहतात. मी तपासते. ते निरोगी आहेत आणि नोंदणी असलेल्या पुरवठादाराच्याच पैदाशीचे आहेत, अशी सही मी करते. ती सही झाल्याशिवाय एकाही सशाला कोणी हात लावू शकत नाही. आजी, माझ्या सहीला पहिल्यांदाच काही किंमत आली आहे.

दिवाळीत मोठी रजा काढून येईन. तोवर पत्रं.

तुझी,
पूर्वा


मांजरी
१९ जून २०२४

पूर्वा हीस आशीर्वाद.

वाचलं. दोनदा वाचलं. हसू आलं ते आलंच, खोटं कशाला बोलू. आपल्या मळ्यातून रस्ता नेला तेव्हा सरकारने मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. कमी रानात भागेल का, दुखेल का, भूल देऊ का, कोणी पुसलं? एक माणूस चुन्याची फक्की मारत आला आणि माझ्या वांग्याच्या वाफ्यातून आरपार गेला. सशाचं नशीब बघ. त्याच्यासाठी निवृत्त साहेब बसतो.

पण असो, चांगलं आहे. कोणीतरी विचारतंय हेही काही कमी नाही.

इकडे संपतने दुसरी शेड टाकलीय. त्याचं बूड जाग्यावर नाही. सकाळी शेडमध्ये, दुपारी फोनवर, संध्याकाळी फाटकाशी उभा. बापूरावाच्या तऱ्हा वाढल्यात. म्हणतो, पांढरेच द्या, एकाच वयाचे द्या, वजनाला सारखे द्या. मी म्हटलं, "का रं, पोरं काय ससे तागडीत घालून खेळतात?" तो दात काढून म्हणाला, "आजे, आता शहरातल्या पोरांना सगळं म्याचिंग लागतंय." संपतने मला आत जायला लावलं. तुला डॉक्टर म्हणून विचारते, पांढऱ्या सशात विशेष काय असतं? मला तर तपकिरी जास्त काटक वाटतात.

आजी


विश्रांतवाडी
१ जुलै २०२४

ती. आजी, नमस्कार.

आज थोडक्यात लिहिते, कामाची गडबड आहे. दोन-तीन गोष्टी सहज विचारायच्या होत्या.

तू सशांच्या कानात जे तेल घालतेस ते नुसतं करंजाचं, की त्यात आणखी काही असतं? ते कधी घालतेस? फक्त कानातच घालतेस ना?

आणि बापूराव कुठले? ससे नेमके कोणाला देतात, हे कधी बोलण्यात आलं का?

काकांना विचारू नकोस. मी विचारलं असंही सांगू नकोस. खरंच सहज विचारते आहे.

पूर्वा


मांजरी
६ जुलै २०२४

पूर्वा हीस आशीर्वाद.

"सहज" दोनदा लिहिलंस तेव्हाच ओळखलं. तुमच्या सशांना खरूज झाली ना? आणि तुमच्या त्या बाटल्यांनी जात नाही, म्हणून आजीच्या तेलाची आठवण झाली. तरी म्हटलं, एवढी वर्षं शिकली पोरगी, शेवटी करंजाशी आली! लाजू नकोस, कोणाला सांगणार नाही.

लिहून घे. करंजाचं घाण्याचं तेल, त्यात सोललेला लसूण काळा पडेपर्यंत तळायचा. थोडा भीमसेनी कापूर, पण तेल खाली उतरवल्यावर, नाहीतर भडका उडेल. गाळून घ्यायचं. कापसाच्या बोळ्याने कानात आतपर्यंत फिरवायचं. वास उग्र असतो, दीड-दोन महिने जात नाही, पण किडा राहत नाही. हाताला उरलेलं मी सशाच्या पाठीवर पुसते, पिसवा धरत नाहीत. टेम्पो यायचा असतो त्या दिवशी सकाळीच सगळ्यांना लावते. मुलगी सासरी पाठवताना न्हाऊमाखू घालतो की नाही, तसं.

बापूराव लोणी काळभोरचा. गिऱ्हाइकाचं विचारलं की हवापाण्याचं बोलतो. पण तुला खरजेशी मतलब, बापूरावाशी काय?

तुमच्या कंपनीला माझं तेल पाहिजे तर बाटली पाठवते. फुकट नाही.

आजी


विश्रांतवाडी
१३ जुलै २०२४

ती. आजी,

आता लपवून काही उपयोग नाही. आमच्या सशांना खरूज झालेली नाही. तुझे ससे आमच्याकडे आले आहेत.

जूनच्या शेवटी नवे ससे आले. पांढरे, एका वयाचे, सारख्या वजनाचे. सोबतचे कागद एका नोंदणीकृत पुरवठादाराचे, शिक्क्यानिशी सगळं बरोबर. मी पहिल्या सशाचा कान उलटला आणि मला आपलं अंगण आठवलं. वाटलं, भास झाला. दुसऱ्याच्या कानात तोच वास, तिसऱ्याच्याही. करंज, लसूण, कापूर. असं तेल करणारी दुसरी कोणी मी बघितलेली नाही. म्हणून तुला विचारलं, आणि तू तर पाठीवर पुसते म्हणून लिहिलंस. आजी, त्या पाठीवरचे केस काढून तिथंच आमचं भाजल्यावरचं मलम लावायचं आहे. पुढे जे होईल ते मलमाने की तुझ्या तेलाने, हे कोणालाच सांगता येणार नाही. मलम त्वचेला बाधत असेल आणि तुझ्या तेलाने ते झाकलं गेलं, तर उद्या ते कुठल्या तरी पोळलेल्या पोराच्या अंगावर जाईल.

शर्मिला मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, मी एवढंच सांगितलं की सशांना कसला तरी वास येतोय, पुरवठादाराकडे चौकशी करू या. त्या म्हणाल्या, "कागद नीट आहेत ना? मग वासाची काय सही करायची असते? आंघोळ घाल आणि मोकळी हो." काम आधीच लांबलंय, औषधवाल्यांचा तगादा आहे.

मी खरं लिहिलं तर त्या पुरवठादाराची नोंदणी जाईल, बापूराव अडकेल, काका अडकतील. मलाही विचारतील, तुमच्याच घरचे ससे तुमच्याच खोलीत कसे आले? नोकरी राहणार नाही. खोटं लिहिलं तर काहीच होणार नाही. हेच मला झोपू देत नाही.

समितीची बैठक नऊ ऑगस्टला आहे, पण माझी सही त्याआधी हवी आहे, मॅडम रोज विचारतात. तू सांग मी काय करू. लवकर लिही.

पूर्वा


मांजरी
१८ जुलै २०२४

पूर्वा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस हातात काही ठरेना. घासलेली भांडी परत घासली. शेडमध्ये गेले, कशाला गेले ते विसरले, परत आले. शेवटी आज संपतला जेवायला वाढलं आणि समोर बसले.

म्हटलं, "बापूराव ससे नेतो कुठं?"

"नेतो की गिऱ्हाइकाकडं."

"गिऱ्हाईक कोण?"

"आये, तुला ऐकू येत न्हाई, कशाला इचारतीस?"

"ओरडून सांग. लाज वाटत असंल तर हळू सांग, मी ओठांवरनं ओळखते."

भाकरी खाली ठेवली त्याने. म्हणाला, "लॅबला जात्यात. कुठल्या ते मला म्हाईत न्हाई, आईशपथ."

माझीच शपथ, माझ्यासमोर. म्हटलं, "आणि कागद?"

"कागद बापूराव करतो. ज्याच्याकडं लायसन हाय त्याच्या नावाचं."

"मग आपण का नाही काढलं लायसन?"

"त्याला फरशी लागती, गार हवा लागती, डाक्टर लागतो, सरकारी मानसं तपासाया येत्यात. आपल्या पत्र्याच्या शेडला कोन दील? त्या लायसनवाल्याला तेवढं ससं पुरवाया जमत न्हाईत आन् आपल्याकडं हायती. कुनाचं काय बिघडलं?"

मग मी तुझं नाव घेतलं. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतंस. भाकरी परत उचलून म्हणाला, "मग तर बरंच झालं की. सही घरातलीच हाय."

पूर्वा, नीट वाच. सशांसाठी मी रडणारी बाई नाही. सशाचं मटण मी रांधलंय आणि हाडं चोखून खाल्लीत. तुमच्या औषधासाठी जनावर लागत असेल तर लागो, माझा नातू ज्या औषधाने वाचला तेही कशावर तरी लावून बघितलं असेलच. पण तू मला लिहिलं होतंस की तिथं प्रश्न विचारतात. ससा कुठला, किती, कशाला. मला ते आवडलं होतं, मी हसले तरी. आता माझ्या हातची जनावरं दुसऱ्याच्या नावाने उभी केलीत आणि सगळे प्रश्न त्या खोट्या नावाला विचारतायत. मग तुमचा तो साहेब काय भिंतीशी बोलतोय?

सही करू नकोस. संपतचं मी बघते. तुझ्या नोकरीचं तू बघ.

हे पत्र आजच टाकते.

आजी


विश्रांतवाडी
१९ जुलै २०२४

ती. आजी,

तुझं उत्तर आलं नाही. रोज संध्याकाळी खालची पेटी बघत होते. वाटलं, तू काकांच्या बाजूने असशील आणि मला तोंडावर तसं लिहिणं जड जात असेल. मला तुझा राग नाही.

काल मी सही केली.

सशांना साबणाने दोनदा धुतलं. वास बराच कमी झाला आहे. मॅडम म्हणाल्या, "बघ, एवढ्याशा गोष्टीचं केवढं केलं होतंस." काका सुटले, मी सुटले. नऊ तारखेला समितीपुढे कागद जाईल, धम्मदीप सर नेहमीचे प्रश्न विचारतील आणि पुढचं सगळं सुरळीत होईल.

हा विषय आता आपण पत्रात नको काढू या. तुझ्या कानाला यंत्र बसवायचं बघू का? ओळखीचे डॉक्टर आहेत.

पूर्वा


मांजरी
२५ जुलै २०२४

पूर्वा,

कानाला यंत्र नको. ऐकायला मिळतंय ते पुरे आहे.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. माझं तुला वीस-एकवीसला मिळालं असेल. ते वाचूनही तू परत काही लिहिलं नाहीस. म्हणजे दोष टपालवाल्याच्या डोक्यावर टाकायची सोय संपली.

इकडचं ऐक. रविवारी बापूराव यायचा होता. शनिवारी मी झाडाची मेंदी वाटली, मोठं घमेलं भरून, आणि शेडमधल्या प्रत्येक पांढऱ्या सशाच्या पाठीवर थापली. कानांनाही. रात्रभर सुकू दिली. सकाळी सगळी शेड नवरीसारखी लालभडक. बापूराव टेम्पोतून उतरला, आत गेला आणि तसाच बाहेर आला. "आजे, ह्ये काय क्येलं?" मी म्हटलं, "शहरातल्या पोरांना म्याचिंग." नवीन केस येईपर्यंत ते ससे आता कुठल्या कागदावर चढत नाहीत. संपत माझ्याशी बोलत नाही. ताट आपटून ठेवतो. त्याचा मला त्रास नाही, नाहीतरी ऐकू येत नाही.

म्हणजे पुढचं मी थांबवलं. गेलेलं तुझ्या हातात आहे. माझा हात तुमच्या त्या सोवळ्या खोलीपर्यंत पोचत नाही.

नऊ ऑगस्टच्या बैठकीत तू उठून सांग. संपतचं नाव सांग, माझं सांग, शेड कुठे आहे ते सांग. नोकरी गेली तर जाईल. तू काका सुटले म्हणून लिहिलंस, त्याला मी तुझ्यावर सोडलेलं नव्हतं. आणि तू नाही बोललीस तर मी बोलेन. तुझे धम्मदीप साहेब तुझ्या मागच्या गल्लीत राहतात, बुद्धविहाराला लागून, हे तूच मला लिहिलंयस. धमकी समजायची तर समज.

आजी


विश्रांतवाडी
११ ऑगस्ट २०२४

आजी,

तू परवा कंपनीत येऊन खाली बसली होतीस, तेव्हा आपली भेट झाली नाही. म्हणून लिहिते. कशी सुरुवात करू कळत नाही, तीनदा कागद फाडला.

त्या दिवशी आमचा विषय शेवटचा होता. मॅडमनी मांडला. पुरवठादाराचे कागद आहेत, पशुवैद्यकाची सही आहे. धम्मदीप सरांनी नेहमीसारखं विचारलं, भूल काय, ससे कमी करता येतील का. मग नेहमीसारखंच शेवटी म्हणाले, "कोणाला काही सांगायचंय?" हे ते दर वेळी विचारतात आणि कोणी कधी काही सांगत नाही. त्या प्रश्नाला लोक पेनांना टोपणं लावतात.

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, माझी सही खोटी आहे."

मॅडम म्हणाल्या, "पूर्वा, बस." सर म्हणाले, "नाही, बोलू द्या. ससे कुठले आहेत?"

"माझ्या आजीचे."

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "कशावरून?" मी म्हटलं, वासावरून. आणि आजी, मला स्वतःलाच ते इतकं पोरकट वाटलं! पण त्यांनी एक ससा पिंजऱ्यासकट मागवला, कान उलटून नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. एवढं धुऊनही आत होतं. मग त्यांनी ससा मॅडमपुढे केला. मॅडमनी मान फिरवली.

मी सगळं सांगितलं. काकांचं, बापूरावांचं. सही का केली तेही. बोलून खाली बसले, आणि तेवढ्यात फाटकावरून फोन आला. रखवालदार म्हणत होता, "खाली एक आजीबाई बसल्यात, कमिटीला भेटायचं म्हणतात. आत सोडत नाही म्हटलं तर हसतात. त्यांना ऐकू येत नाही वाटतं."

मला बाहेर काढलं आणि तुला आत घेतलं. तू आत काय बोललीस ते मला कोणी सांगितलेलं नाही. मला तोवर वरच्या मजल्यावर नेऊन एका कागदावर लिहून घेतलं, की चौकशी संपेपर्यंत प्राणिगृहात यायचं नाही. पगारही बंद. खाली आले तर तू निघून गेलेली.

मी बोलले, आजी. तू यायच्या आधी बोलले. एवढंच तुला कळायला हवं. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तू आलीस ना? ते लागलंय मला. नोकरीपेक्षा जास्त.

पूर्वा


मांजरी
२४ ऑगस्ट २०२४

पूर्वा हीस आशीर्वाद.

उशीर झाला. घरात रोज कोणी ना कोणी येतंय. आधी चौकशीची माणसं, मग बापूरावाचा मेव्हणा मला दम द्यायला. तो बराच वेळ बोलला, मी "बरं बरं" म्हणत राहिले, शेवटी कंटाळून चहा पिऊन गेला. संपतला दोनदा बोलावलं होतं. परत आला तेव्हा उंबऱ्यावर उभं राहून विचारलं त्याने, "आये, घरच्या मानसावर कुनी तक्रार करतं व्हय?" म्हटलं, "घरचंच माणूस करतं. बाहेरच्याला काय पडलंय?" अजून जेवणापुरताच घरात येतो. दुसऱ्या शेडचे पत्रे काढतोय. पुढे काय करणार विचारलं की पत्रा घेऊन मागे जातो, आणि मीही रोज विचारते.

आता तुझं. तू बोलणार हे मला माहीत होतं का? नव्हतं. खोटं कशाला लिहू. एकदा सही करणारी दुसऱ्यांदा गप्प बसू शकते. पण तू बोललीस तर तुझ्या मागे साक्षीला कोण उभं राहणार, हेही मनात होतं. नातीने म्हणायचं आजीचे ससे, आणि आजी मांजरीला बसून मेथी निवडतेय, हे कसं दिसलं असतं? तेव्हा तुझ्या आईकडून कंपनीचा पत्ता घेतला आणि दोन्ही कारणांनी आले. तुला जे बरं वाटेल ते घे.

आत गेले तर एवढी माणसं, आणि सगळी एकदम तोंडं हलवायला लागली. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, आणि इथं ऐकू येणाऱ्यांनी काय दिवे लावलेत ते दिसतंय. तुझे साहेब शहाणे आहेत. त्यांनी प्रश्न कागदावर लिहिला. मी म्हटलं, मोठं अक्षर काढा. मग त्यांनी मोठ्या अक्षरात लिहायचं आणि मी तोंडाने उत्तर द्यायचं, असं चाललं. तेलात काय घालता? कुठे लावता? टेम्पो कोणाचा? मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. तुमच्या त्या मॅडम खुर्ची मागे घेत होत्या. शेवटी साहेबांनी लिहिलं, "पूर्वाने सही केली तेव्हा तिला माहीत होतं का?" मी उत्तर दिलं, "होतं." तुला वाचवणारं काहीतरी बोलता आलं असतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण बोलले नाही. तू ते नुकतंच स्वतः सांगितलंस हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी हेच बोलले असते.

गुरुवारी ते साहेब इथंच आले, कंपनीच्या गाडीतून तुझे ससे घेऊन. त्या सशांवर आता प्रयोग करायचा नाही असं ठरलंय, आणि त्यांना ठेवून घ्यायला कुठली संस्था तयार होईना. मी म्हटलं, माझेच आहेत, सोडा इथं. साहेबांनी शेड फिरून बघितली. मेंदीवाले ससे बघून त्यांना पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांनी एक कागद काढला, मोठ्या अक्षरातला, घरूनच लिहून आणलेला. हे ससे मी विकणार नाही. पुन्हा कुठल्या प्रयोगाला देणार नाही. मारून खाणार नाही. मरेपर्यंत सांभाळीन.

तू आता येऊ शकतेस. सोवळं संपलं तुझं, निदान चौकशी होईपर्यंत तरी. ये आणि कान तपास. आमच्या पांढऱ्यांना तुमच्या साबणाने कोंडा झालाय. नवीन तेल करायचं आहे, लसूण तू सोल. संपत तुझ्याशी बोलणार नाही. बोलला तर ओरडेल. तेव्हा तू उत्तर दे, मला ऐकू येणार नाही.

तर तो कागद. मी पूर्ण वाचला, परत वाचला. तिसऱ्या ओळीवर थांबले. दसरा येईल, पाहुणे येतील, आणि शेडमध्ये एवढे ससे. कंपनीचा माणूस गाडीशी घाई करत होता. जवळ येऊन खूप मोठ्याने ओरडला, तेवढं मला ऐकू आलं. "आजी, नुसती सही तर करायचीय!"

मी म्हटलं, "बस तिथं. मला अजून ठरवू दे."

साहेब शेडच्या कट्ट्यावर बसून राहिले. मी पुन्हा आत गेले, ससे बघितले, बाहेर आले, आणि मग सही केली.

आजी